सहा खुणांचे चित्र आणि अडकलेले लाल बटण

हॉलमार्क हा शब्द आता नंदुरबारच्या सराफालाही समजावून सांगावा लागत नाही. सोन्याच्या शुद्धतेचा तो छाप. कर्करोगावर गेल्या पंचवीस वर्षांत ज्या लेखाचा सर्वांत जास्त उल्लेख झाला त्यांपैकी एका लेखाच्या शीर्षकात हाच शब्द असावा याची आम्हांला नेहमीच गंमत वाटत आली आहे. 'द हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर' हा डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांचा चौदा पानी लेख जानेवारी 2000 मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. 2011 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि 2022 मध्ये एकट्या हॅनाहन यांनी तिसरी लिहिली. कर्करोगावरच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला त्यातले चक्राकार चित्र हमखास दिसते. हे चित्र शिक्षकाने वर्गात न्यावे का, आणि नेले तर कोणत्या सावधगिरीने, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. कर्करोगाचे शंभराहून अधिक प्रकार असले तरी प्रत्येक कर्कपेशीला सहाच गोष्टी साधाव्या लागतात. वाढीचा संदेश बाहेरून आला नाही तरी वाढणे, थांबण्याचा संदेश न जुमानणे, ठरलेले मरण टाळणे, विभाजनाची मर्यादा ओलांडणे, स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेणे आणि शेजारच्या ऊतीत घुसून दूरवर पसरणे. बाकी तपशील म्हणजे या सहा मुक्कामांपर्यंत पोहोचण्याच्या निरनिराळ्या वाटा.

या मांडणीचे मोठे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. आपण वर्गात कर्करोगाची व्याख्या 'पेशींचे अनियंत्रित विभाजन' अशी सांगतो, आणि विद्यार्थी ती 'फार वेगाने होणारे विभाजन' अशी ऐकतात. वेग हे काही कर्करोगाचे लक्षण नव्हे. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. उलट कित्येक अर्बुदे वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. प्रश्न असतो तो कोणाच्या सांगण्यावरून वाढायचे आणि केव्हा थांबायचे याचा. सहा खुणांपैकी पहिल्या दोन याच आहेत.

या लेखातील दुसरे प्रसिद्ध चित्र पेशीच्या 'तारजोडणी'चे आहे. रेडिओच्या आतील मंडलाप्रमाणे त्यात प्रथिने एकमेकांना जोडलेली दाखवली आहेत. त्यातली एकच तार आपण हाती घेऊ. जखम झाली की आसपासच्या पेशी वाढीचे संदेश देणारी प्रथिने सोडतात. असे एक प्रथिन त्वचेच्या पेशीबाहेरील ग्राहकाला चिकटते. दोन ग्राहक जवळ येतात, पेशीच्या आतील बाजूस एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, आणि ही बातमी 'रास' नावाच्या लहानशा प्रथिनाकडे जाते. रास चालू होते, पुढच्या तीन प्रथिनांची साखळी एकेक करून जागी होते आणि शेवटी केंद्रकात विभाजनाची तयारी करणारी जनुके काम सुरू करतात. काही वेळाने रास दुसऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने स्वतःवरचे जीटीपी तोडते आणि बंद पडते. हे बंद पडणेच महत्त्वाचे. 1982 मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातील पेशींमधून जे बिघडलेले रास जनुक सापडले, त्यात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलिन होते, आणि एवढ्यानेच रासला बंद होता येईनासे झाले. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरचे लाल बटण अडकून बसावे तसा हा प्रकार. हिरवे बटण कोणी पुन्हा दाबत नाही, तरी पंप चालूच.

येथे नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकांचे एक काम सोपे आहे. अक्कलकुवा-धडगावकडील आश्रमशाळांत सिकलसेल हा शब्द मुलांना परका नाही. त्या आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकातील 'जीएजी' या तीन अक्षरांतले मधले अक्षर बदलून 'जीटीजी' होते, एवढेच. रासमध्येही मधलेच अक्षर बदलते: 'जीजीसी'चे 'जीटीसी' होते आणि पुन्हा व्हॅलिनच. एकाच प्रकारची चूक, पण एक आईवडिलांकडून येते आणि शरीराच्या प्रत्येक पेशीत असते, दुसरी आयुष्यात कधीतरी एका पेशीत घडते व तिच्या वंशजांपुरती राहते. 'कॅन्सर आनुवंशिक असतो का' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या तुलनेतून जितके स्वच्छ मिळते, तितके सहा खुणांच्या चित्रातून मिळत नाही.

आणि ही गोष्ट केवळ परदेशातील नाही. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील धनंजया सारनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगाचे 57 नमुने तपासले. त्यांतील 35 टक्क्यांमध्ये एच-रास हे जनुक बाराव्या किंवा एकसष्टाव्या जागी बदललेले होते. पाश्चात्त्य देशांतील तोंडाच्या कर्करोगात हा बदल क्वचितच सापडत होता. पुढे 2013 मध्ये नवी मुंबई व कल्याणी येथील संशोधकांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाचा विस्तृत जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही वारंवार बदललेल्या जनुकांच्या यादीत एच-रास आहेच. रोगाचे नाव तेच, पण सवयीप्रमाणे कोणती तार तुटते हे बदलते.

आमचा पहिला आक्षेप येथूनच सुरू होतो. तारजोडणीचे चित्र पाहणाऱ्याला वाटते की जोडणी सगळीकडे सारखीच आहे. लेखकांनाही 2000 साली तसा विश्वास होता. कर्करोगाचे शास्त्र लवकरच तर्कशुद्ध होईल आणि मंडल पाहून पेशीचे वागणे सांगता येईल, असा त्यांचा सूर होता. काही अंशी तसे झालेही. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर 2001 मध्ये आलेले इमॅटिनिब हे त्याचे ठळक उदाहरण. (त्याआधी ज्यांना हायड्रॉक्सियुरिया दिले जाई, तेच औषध आज सिकलसेलच्या रुग्णांना मिळते, हे जाता जाता.) पण मग बी-राफची गोष्ट पाहा. रासच्या पुढचे हे प्रथिन. त्याच्या सहाशेव्या जागी व्हॅलिनचे ग्लुटामिक आम्ल होते, 'जीटीजी'चे 'जीएजी', म्हणजे सिकलसेलच्या नेमके उलट! हा बदल असलेल्या त्वचेच्या मेलॅनोमात 2011 पासून वापरात आलेले औषध अर्बुदे झपाट्याने आक्रसवते. तेच औषध, तोच बदल, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात जवळजवळ निष्प्रभ. 2012 मध्ये कारण कळले: तेथे खालची तार तोडली की वरचा ग्राहक अधिक जोमाने चालू होतो. कागदावरच्या मंडलात ही उलट वाट कोणी ठळक केली नव्हती. वाइनबर्ग यांनी 2014 मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलेला निबंध यासाठी वाचावा. गुंतागुंतीकडून साधेपणाकडे आणि पुन्हा गुंतागुंतीकडे आपण फिरून आलो, अशी कबुली त्यात आहे. आम्हांला हा निबंध मूळ लेखाहून अधिक प्रामाणिक वाटतो, आणि त्याचे चित्र कोणी भिंतीवर लावत नाही याचे वाईटही वाटते.

दुसरा आक्षेप यूरी लाझेब्निक यांनी 2010 मध्ये घेतला आणि तो आम्हांला बिनतोड वाटतो. सहापैकी पाच खुणा साध्या, निरुपद्रवी गाठींतही आढळतात. माणूस दगावतो तो बहुधा सहाव्या खुणेमुळे, म्हणजे घुसण्या-पसरण्यामुळे. मग हिला बाकीच्या पाचांच्या रांगेत, तेवढ्याच आकाराच्या खणात का बसवायचे? हॉलमार्क म्हणजे ज्यावरून खरे-खोटे ओळखता येते तो छाप. ज्याने कर्कट गाठ साध्या गाठीपासून वेगळी कळत नाही, त्याला हॉलमार्क म्हणणे भाषेलाही धरून नाही.

तिसरी गोष्ट चित्रात जे आलेले नाही त्याबद्दल आहे. एकटे अडकलेले रास कर्करोग करत नाही. 1997 मध्ये दिसून आले की निरोगी पेशीत असे रास घातले तर ती पेशी काही काळातच कायमची थांबते. जणू पंप तापला म्हणून फ्यूज उडतो. तो फ्यूजही निकामी व्हावा लागतो, मग आणखी काही. म्हणून एकामागून एक चुका साठायला बहुधा वर्षे लागतात. त्या चुका साठवण्याचे काम तंबाखूची पुडी करते. चक्रातल्या सहा खणांत पुडीला जागा नाही. 2011 च्या आवृत्तीत जनुकीय अस्थैर्य आणि दाह यांना पूरक खण मिळाले, 2022 पर्यंत खण चौदा झाले, तरी सर्व खण पेशीच्या आत-बाहेर हातभर अंतरावरच राहिले. लेखकांचा विषय पेशी हा आहे, तेव्हा हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. दोष आपला, कारण आपण पेशीचे चित्र रोगाचे चित्र म्हणून फळ्यावर काढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. विद्यार्थ्याला ती बंदी आणि रासचे बारावे स्थान या दोन वेगळ्या तासांच्या गोष्टी वाटतात.

चित्र वर्गात न्यावे का? अकरावी-बारावीला जरूर न्यावे, पण सहाही खण एका तासात पाठ करून घेऊ नयेत. आम्ही स्वतः फळ्यावर फक्त पहिला खण काढू, त्याच्या डाव्या बाजूस सिकलसेलची तीन अक्षरे, उजव्या बाजूस रासची तीन, आणि मधले अक्षर कोणते बदलले ते मुलांनाच शोधायला लावू. सहावा खण वेगळ्या दिवशी, वेगळ्या रंगाच्या खडूने.