विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि वऱ्हाडातला रसिक

मराठी विज्ञानकथेला लेखक मिळाले, संपादक मिळाले, स्पर्धा मिळाली. एकत्र जमणारा, आपापसांत वाद घालणारा, आवडलेले पुस्तक दहा जणांच्या गळी उतरवणारा रसिकांचा मेळा मात्र तिला फारसा लाभला नाही. इंग्रजी जगात हा मेळा साहित्यप्रकाराबरोबरच वाढला. १९३७ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात विज्ञानकथेचे चाहते एकत्र आले, १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले आणि १९५३ पासून ह्यूगो पुरस्कारांची सुरुवात झाली. हे पुरस्कार संमेलनाच्या सभासदांच्या मतांवर ठरतात, त्यामुळे कोणते पुस्तक मोठे याचा निवाडा वाचकांकडे राहतो. मराठीत तो निवाडा परीक्षकांनी आणि संपादकांनी केला. ही मंडळी मुख्यतः मुंबई-पुण्यात होती. अमरावती-अकोल्यातला वाचक त्यांनी निवडलेले वाचत राहिला.

साहित्याच्या आवडीत हा वाचक कुठेही कमी नव्हता. अकोल्यात १९१२ सालीच हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत झाली. नागपूरला तो नंतर गेला. १९८९ चे अखिल भारतीय संमेलन के. ज. पुरोहित यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत झाले. खामगाव-जळगाव जामोदला वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 'सुदाम्याचे पोहे'साठी ओळखले जातात, पण ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिणारेही तेच होते. ग्रहगणिताची गोडी आणि मोकळी कल्पनाशक्ती एकाच माणसात नांदू शकते, हे वऱ्हाडाने असे फार पूर्वी पाहिले. पुढे इथल्या गद्याची ओळख वास्तववादाने घडवली. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्ये आली आणि वऱ्हाडी माणसाची गरिबी, बोली आणि माती हाच इथल्या लेखनाचा मानदंड ठरला. त्या कादंबरीचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्या मानदंडापुढे ग्रहांतराच्या आणि भुताखेतांच्या गोष्टी हलक्या वाटू लागल्या आणि त्या वाचणाऱ्यांनीही त्या एकेकट्याने वाचल्या.

मराठी विज्ञानकथेची सुरुवात अनुवादातून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप आले. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत गणली जाते. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात नेला. शाळेच्या कपाटातले किंवा वाचनालयातून आणलेले भागवतांचे पुस्तक ही कित्येकांची पहिली अंतराळसफर होती.

संघटित बळ मात्र १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने दिले. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी नाव पाहून कौल देऊ नये म्हणून जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली आणि दारे उघडली. पुढच्या काळात बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, मेघश्री दळवी अशी लेखकांची फळी उभी राहिली. दिवाळी अंकांत 'नवल' आणि 'धनंजय' यांनी या कथांना हक्काची पाने दिली. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा हा प्रकार साहित्याच्या मुख्य मांडवात आला.

या यशातच एक मर्यादा दडलेली होती. परिषदेचे मुख्य काम विज्ञानप्रसाराचे, आणि त्या कामाची सावली कथेवर पडली. कथेने विज्ञान समजावून द्यावे, अंधश्रद्धा दूर करावी, तरुणांना प्रयोगशाळेची ओढ लावावी, अशा अपेक्षा तिच्याकडून केल्या गेल्या. चांगल्या लेखकांनी त्या पेलल्या. लोंढे यांच्या 'दुसरा आइनस्टाइन'मध्ये वैज्ञानिक कल्पनेइतकाच माणसाच्या अस्तित्वाचा प्रश्न टोचतो. मध्यम लेखनात मात्र प्राध्यापक बोलतो आणि शिष्य माना डोलावतो, असा साचा रूढ झाला. असे लेखन शाळेला उपयोगी पडते, पण त्यातून चाहता तयार होत नाही. चाहत्याला एखादे जग लागते, ज्यात तो पुन्हा पुन्हा राहायला जाईल आणि ज्याच्या नियमांवरून मित्रांशी रात्ररात्र वाद घालील.

असे जग उभारण्याची ताकद असलेला एक लेखक वऱ्हाडाचाच होता. अरुण साधू यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या राजकीय कादंबऱ्यांनी त्यांचे नाव झाले, २००७ साली नागपूर संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांनी 'स्फोट' आणि 'विप्लवा' या विज्ञान कादंबऱ्याही लिहिल्या, आणि त्यांच्याविषयीची चर्चा 'सिंहासन'च्या तुलनेत फारच तोकडी आहे. सत्ता कशी चालते हे ज्याला आतून कळले होते, त्याने विज्ञानकथेत हात घातला होता. मराठी विज्ञानकथेला ज्या प्रौढ सामाजिक भानाची गरज होती ते इथे सापडण्याजोगे होते. समीक्षेने हा धागा सोडून दिला, ही तिची मोठी चूक मानली पाहिजे. जागरूक रसिकमंडळ असते तर अमरावतीत 'विप्लवा'ची पारायणे झाली असती.

अद्भुतकथेचे चित्र वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या, नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने पिढ्यांना वेड लावले, आणि गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत उतरवले. 'चांदोबा' घरोघरी गेला, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मुलांच्या खेळात उतरला. तरी प्रौढांची अद्भुतकथा म्हणून मराठीत जे तगले ते मुख्यतः भयाच्या वाटेने. नारायण धारपांचे वाचक हेच मराठीतले खऱ्या अर्थाने चाहते. त्यांनी धारपांच्या कादंबऱ्या भाड्याच्या वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचल्या, एकमेकांना सांगितल्या, जुन्या प्रती शोधत राहिले. या सांगण्यातून काय घडू शकते याचा दाखला विदर्भातलाच आहे. राही अनिल बर्वे यांना त्यांच्या मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात धारपांची एक कथा ऐकवली. तिचे बीज मनात वर्षानुवर्षे राहिले आणि २०१८ मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट आला. रसिकांचा मेळा अधिवेशनाच्या मांडवातच भरतो असे नाही. शेकोटीशी दोघे बसले तरी तो भरतो.

सामग्रीच्या बाबतीत तर वऱ्हाड कमालीचे श्रीमंत आहे. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार हे बसाल्ट खडकात आघाताने घडलेले विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे. त्याच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काही मोजमापे बावन्न हजार वर्षे सांगतात, काही साडेपाच लाखांच्या पुढे जातात. लोककथेत तिथे लवणासुराला विष्णूने मारले आणि त्याचे स्मरण गावातले दैत्यसूदन मंदिर देते. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत लोणार आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. उल्का, असुर, अवतार आणि सूक्ष्मजीव एकाच काठावर आहेत, एकमेकांना छेद देत आहेत. यावर मराठीत एखादी भव्य कादंबरी उभी राहायला हवी.

रिद्धपूरचेही तसेच. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याच्या या पायाभरणीत नित्याचे जगणे आणि चमत्कार शेजारी शेजारी बसतात. चिखलदऱ्याच्या दरीला कीचकाची कथा चिकटलेली आहे, मेळघाटच्या कोरकू कथा आपल्या वाटेने चालत आल्या आहेत. आणि वर्तमानाचे म्हणाल तर कपाशीचे शिवार आहे. जनुकबदल केलेल्या बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भातल्या शेतांवर तिचेच राज्य आले. मग गुलाबी बोंडअळीने तिच्यावरही मात केली. बियाणे कोणाच्या मालकीचे, अळी शिकते कशी, कर्ज कोण भरते, या प्रश्नांवर विज्ञानकथा लिहिण्याचा हक्क अकोल्याइतका कोणत्याच गावाला नसेल, कारण १९६९ पासून कृषी विद्यापीठ तिथेच आहे.

संमेलनांचा विचार केला तर रसिकाला आज दोन टोके दिसतात. एकीकडे मराठी विज्ञान परिषदेचे वार्षिक अधिवेशन आहे, जिथे विज्ञान केंद्रस्थानी असते आणि कथा तिच्या वाट्याला आलेल्या सत्रात बसते. दुसरीकडे २०११ पासून दिल्लीत आणि नंतर मुंबईसारख्या शहरांत भरू लागलेला कॉमिक कॉन आहे, जिथे वेशभूषा, चित्रपट, खेळणी यांची धूम असते आणि मराठी पुस्तकाला कोपराही मिळणे अवघड. वेल्लोरला १९९८ साली सुरू झालेली भारतीय विज्ञानकथा अभ्यास संघटना परिषदा घेते, पण तिचा सूर इंग्रजीचा आणि अध्यापकी आहे. अमरावतीहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा रेल्वेप्रवास. विद्यार्थ्याच्या खिशाला तो वारंवार परवडत नाही. त्यामुळे इथला रसिक मेळ्याला जाण्याऐवजी दिवाळी अंकांची, ग्रंथप्रदर्शनाची आणि मित्राच्या कपाटाची वाट पाहतो.

नव्या पिढीची वाट आणखी बदलली आहे. हॅरी पॉटर मराठीत आला, तरी महाविद्यालयीन मुलांपैकी अनेक जण तो इंग्रजीत वाचतात किंवा पडद्यावर पाहतात. जपानी ॲनिमे हिंदी आवाजात त्यांच्या मोबाइलवर असते. ही मुले अद्भुताची भोक्ती आहेत, जगांचे नियम त्यांना तोंडपाठ असतात, फक्त त्या यादीत मराठी नाव क्वचित असते. नारळीकर त्यांना पाठ्यपुस्तकातून भेटतात, धारप वडिलांच्या तोंडून, साधू तर भेटतच नाहीत. तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एका पुस्तकावर बसून बोलण्यापुरती जागा आणि त्या पुस्तकाच्या पाच-सहा प्रती, एवढ्यावर या मुलांचे रसिकमंडळ सुरू होऊ शकते. लीड्सला १९३७ मध्ये जमलेली मंडळीही वीस-पंचवीसच्या आतली होती.