लाल शाईची शिक्षा

धार-देवासच्या पवारांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांतून मराठी आजही मातृभाषा म्हणून सांगितली जाते. परंतु पीथमपुरात हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाला लिहिताना ती दुसऱ्या भाषेसारखीच शिकावी लागते. असा मुलगा सहज लिहून जातो, ‘आजोबांनी मला चांगली शिक्षा दिली.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बिचाऱ्याला कृतज्ञताच व्यक्त करावयाची असते. आपण मात्र ऱ्हस्व-दीर्घासकट सारे पान लाल करून टाकतो. त्याने मराठी सुधारते काय?

जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 साली ‘लँग्वेज लर्निंग’ या नियतकालिकातील निबंधात याचे उत्तर ठाम नकारार्थी दिले. व्याकरणाच्या दुरुस्त्या निष्फळ तर आहेतच, शिवाय घातकही आहेत. त्या सोडून द्याव्यात, असे त्यांचे प्रतिपादन. डाना फेरिस यांनी 1999 मध्ये हा निष्कर्ष घाईचा ठरविला.

लाल शाईने मुलाचा हात आखडतो, हे ट्रस्कॉट यांचे निरीक्षण आपल्या घरीही पटते. उपाय मात्र टोकाचा आहे. जॉन बिचनर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑकलंडच्या प्रयोगात इंग्रजी उपपदांच्या केवळ दोन उपयोगांपुरतीच दुरुस्ती केली होती. तिचा लाभ दोन महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. प्रयोगाचा आवाका लहान, हे मान्य. तरीही त्यातून निवडीचे महत्त्व कळते.

ही निवड आपण कशी करावी? मुलगा आजीला लिहितो, ‘तू ये, मग आम्ही मांडूला जाऊ.’ हिंदीतील ‘हम’ आजीला सामावून घेतो. मराठीतील ‘आम्ही’ तिला घरीच ठेवून जातो. येथे ‘आपण’ हवे. अर्थ बदलणारी आणि नियमात बसणारी ही चूक प्रथम घ्यावी. महिनाभर तेवढीच दाखवावी, कारण सांगावे आणि तेच वाक्य त्याच्याकडून पुन्हा लिहवून घ्यावे. नपुंसकलिंग पुढल्या महिन्यात पाहता येईल, शुद्धलेखन त्याहूनही नंतर.

शुद्धतेच्या आग्रही वडीलधाऱ्यांना ही सवलत जड जाईल. परंतु पहिलेच पत्र लाल होऊन परत आले, तर मुलगा दुसरे हिंदीतच लिहील, आणि मग दुरुस्त करावयास मराठी उरणारच नाही.