‘गोतम द बुद्ध’ : शिल्पांची भाषा आणि पालीची साक्ष

ढाका जिल्ह्यात जन्मून कलकत्तामार्गे मुंबईत स्थिरावलेल्या बिमल रॉय यांनी निर्मिलेला व राजबंस खन्ना यांनी दिग्दर्शित केलेला हा अनुबोधपट १९५७ साली कान महोत्सवात गौरविला गेला. नटांऐवजी शिल्पे व भित्तिचित्रे यांतून चरित्र सांगण्याचा त्याचा संयम निःसंशय स्तुत्य होय. तथापि शिल्प श्रद्धेचे प्रमाण असते, इतिहासाचे नव्हे. परंपरेने गृहत्यागाशी जोडलेली चार निमित्ते दीघनिकायातील महापदानसुत्तात विपस्सी बुद्धांविषयी येतात. पूज्य बाबासाहेबांनी १९५७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात ती कथा नाकारून रोहिणीच्या पाणीतंट्याचे कारण मांडले. म्हणून पवनीच्या प्राचीन स्तूपाशेजारच्या कोंढ्यासारख्या गावी हा पट दाखविताना सोबत हे विवेचनही व्हावे; अन्यथा सौंदर्याच्या ओघात धम्माचा सामाजिक आशय झाकोळेल.