वानरांची भाषा, माणसांचे मौन

१९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या अमेरिकन चित्रपटाचे नाव निघाले की सगळे त्याच्या शेवटाबद्दल बोलतात. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत कमरेपर्यंत गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, त्याच्यापुढे गुडघे टेकून आक्रोश करणारा नायक, आणि हा परका ग्रह नसून आपलीच पृथ्वी आहे हा उलगडा. शेवट थोर आहे, याविषयी वाद नाही. पण आम्हाला त्या चित्रपटाचा गाभा दुसऱ्याच एका छोट्या प्रसंगात दिसत आला आहे. गळ्याला गोळी लागून मुका झालेला अंतराळवीर टेलर वानरांच्या कैदेत आहे. आपण जनावर नाही हे पटवण्यासाठी तो पिंजऱ्यातल्या मातीत अक्षरे काढतो. डॉ. झायस नावाचा वयोवृद्ध, विद्वान ओरांगउटान तिथे येतो, उरलेली अक्षरे पाहतो आणि हातातल्या काठीने शांतपणे पुसून टाकतो. त्याला ती वाचता येत नसती तर गोष्ट निराळी होती. त्याला ती वाचता येतात, म्हणूनच तो पुसतो.

या चित्रमालेचे आम्ही जुने चाहते आहोत. भाड्याच्या व्हीसीडींपासून हे वेड लागले आणि ते अजून सुटलेले नाही. त्यामुळे २०११ साली 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' या नावाने ही मालिका पुन्हा नव्याने सुरू झाली, तेव्हा आमच्या मनात उत्सुकतेपेक्षा धास्ती अधिक होती. याला हल्ली रीबूट म्हणतात. संगणक अडून बसला की तो बंद करून पुन्हा चालू करायचा, तसे जुने कथानक बाजूला ठेवून पहिल्यापासून गोष्ट सांगायची. धास्तीला कारणही होते. २००१ साली टिम बर्टनने असाच एक प्रयत्न केला होता. त्यात रिक बेकरची रंगभूषा अव्वल होती आणि बाकी सगळे पोकळ. मूळ चित्रपटातला नायक चार्लटन हेस्टन त्यात वानर होऊन दोन मिनिटे दिसतो, एवढीच काय ती गंमत.

(शब्दाबद्दल एक खुलासा. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांना शेपूट नसते, त्यामुळे त्यांना माकड म्हणणे चूक आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत 'कपी' हा शब्द सापडतो, पण बोलताना तो कोणी वापरत नाही. आम्ही वानरच म्हणणार आहोत.)

मूळ कादंबरी फ्रेंच लेखक पिएर बूल यांची, १९६३ सालची. हे गृहस्थ आग्नेय आशियात रबराच्या मळ्यावर नोकरीला होते, दुसऱ्या महायुद्धात इंडोचायनात त्यांनी कैद भोगली. क्वाय नदीवरच्या पुलाची जगप्रसिद्ध कादंबरीही त्यांचीच. त्यांच्या पुस्तकात वानरांची स्वतःची भाषा आहे आणि माणूस असलेल्या नायकाला ती कष्टाने शिकावी लागते. विद्वानांच्या सभेत त्या भाषेत भाषण केल्यावरच त्याला सन्मान मिळतो. चित्रपटात ही अडचण एका झटक्यात मिटवली आहे. तिथले वानर सरळ इंग्रजी बोलतात! आणि टेलरला त्याचे जराही नवल वाटत नाही. पटकथेतली ही सोय आहे असे वाटत राहते, पण शेवटचा उलगडा झाल्यावर कळते की पुरावा पहिल्यापासून आपल्या कानांवर पडत होता. ज्याला आपली जबान जगभर चालतेच याची खात्री असते, त्याला असा प्रश्न पडत नाही. आमच्या मते अमेरिकन माणसावरचा हा सगळ्यात बारीक चिमटा आहे.

पटकथेच्या दोन लेखकांपैकी मायकेल विल्सन हे हॉलिवूडच्या काळ्या यादीत अडकलेले. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांचे नाव पडद्यावरून काढून टाकले जाई, त्यांपैकी एक. म्हणूनच की काय, टेलरवरचा खटला इतका झोंबतो. वानरांच्या कायद्यात माणसाला हक्क नाहीत, म्हणून त्याला बोलू द्यायचे नाही. आणि तो बोलत नाही, म्हणून तो जनावर. झायस तर एकाच वेळी विज्ञानखात्याचा मंत्री आणि धर्माचा मुख्य रक्षक आहे. त्याला दुष्ट ठरवून मोकळे होता येत नाही. माणसाने पूर्वी काय केले हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याची भीती खरी आहे हे तो पुतळाच सांगतो. सत्य दडवणारा माणूस (इथे वानर) आपल्या कौमेच्या भल्यासाठीच ते दडवतो, ही गोष्ट पुष्कळ जड आहे. शिवाय त्या राज्यात कामांची वाटणी जन्मावरून ठरलेली आहे. ओरांगउटान धर्म आणि कारभार पाहणार, गोरिला बंदूक उचलणार, चिंपांझी अभ्यास करणार आणि ओरांगउटानांकडून बोलणी खाणार. भारतीय प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता नव्या मालिकेकडे येऊ. दिग्दर्शक रूपर्ट वायट यांनी पहिल्याच चित्रपटात कथेचे तोंड फिरवले. जुन्या चित्रपटात आपण माणसाच्या डोळ्यांनी वानर पाहत होतो, इथे वानराच्या डोळ्यांनी माणूस पाहतो. सॅन फ्रान्सिस्कोतला एक शास्त्रज्ञ विस्मरणाच्या रोगाने खंगत चाललेल्या बापासाठी औषध शोधतो आहे. त्या औषधाच्या प्रयोगातून सीझर नावाचा चिंपांझी बुद्धिमान होऊन जन्माला येतो. तो घरात वाढतो, हातांच्या खुणांनी बोलतो, आणि एक दिवस घरातल्या म्हाताऱ्याला वाचवायला शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो. मग घर सुटते आणि कोंडवाडा नशिबी येतो. (शास्त्रज्ञाच्या मैत्रिणीच्या भूमिकेत आपली मुंबईची फ्रीडा पिंटो आहे. तिला करायला काहीच दिलेले नाही, याची रुखरुख लागते.)

त्या कोंडवाड्यात पहारेकरी पोऱ्या सीझरला विजेच्या काठीने मारायला धावतो. सीझर त्याचा हात धरतो. तेव्हा तो पोरगा तेच कुप्रसिद्ध वाक्य ओरडतो, जे १९६८ मध्ये टेलरने गळा बरा झाल्यावर उच्चारले होते: घाणेरड्या वानरा, तुझे पंजे बाजूला घे. जुन्या चाहत्यांनी इथे टाळ्या वाजवाव्यात अशी योजना आहे. पण टाळीसाठी हात उचलायच्या आत सीझर तोंड उघडतो आणि म्हणतो, "नाही!"

त्या एका शब्दानंतर कोंडवाड्यात जी शांतता पसरते, तिच्या तोडीचे संपूर्ण मालिकेत दुसरे काही नाही. ही कल्पना कोरी नव्हे. १९७१ च्या 'एस्केप फ्रॉम द प्लॅनेट ऑफ द एप्स' मध्ये वानरांचा इतिहास सांगताना कॉर्नेलियस म्हणतो की पहिल्या बोलत्या वानराचा पहिला शब्द 'नाही' हाच होता. तिथे ते एक सांगितलेले वाक्य होते, इथे ते घडते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरी दखनी बोलणारे, वर्गात पुस्तकी उर्दू वाचणारे आणि बाहेर पडताच मराठीशी गाठ पडणारे मूल पहिले महिनाभर गप्प असते. ते गप्प असते म्हणजे त्याला समजत नसते असे नाही. आणि एकदा का ते बोलले, की पहिला शब्द बहुधा इन्काराचाच असतो. 'हो' म्हणायला मान हलवली तरी भागते. 'नाही' मात्र तोंडाने म्हणावे लागते.

जुन्या मालिकेत वानर बोलतात, पण ते बोलायला कसे शिकले याची मेहनत कुठेच दिसत नाही. नव्या मालिकेने ती मेहनत दाखवली, आणि इथे ती जुन्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे आम्ही बेलाशक म्हणू. सर्कशीतून आलेला मॉरिस नावाचा ओरांगउटान खुणांची भाषा जाणतो. सीझर त्याला एक काडी मोडून दाखवतो आणि काड्यांची जुडी मोडत नाही हे दाखवतो. लहानपणी शाळेत ऐकलेली काठ्यांच्या मोळीची गोष्टच ती. पुढे २०१४ च्या 'डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' मध्ये हाच मॉरिस जंगलात शाळा चालवतो. वानराने वानराला मारू नये, हा त्याच्या वर्गातला पहिला धडा आहे. मॉरिस हे नाव जुन्या चित्रपटात झायस झालेल्या मॉरिस इव्हान्सवरून ठेवलेले. एकाने अक्षरे पुसली, त्याचा नामधारी अक्षरे गिरवून घेतो. करणाऱ्यांना हे सुचले होते की आपोआप जमून आले, कोण जाणे.

याच चित्रपटात कोबा आहे. प्रयोगशाळेत चिरफाड सोसलेला, एक डोळा गमावलेला. माणसांना त्यांचे काम करू द्या, असे सीझर म्हणतो तेव्हा तो आपल्या अंगावरची एकेक खूण दाखवतो आणि म्हणतो, हे माणसांचे काम. हाच कोबा नंतर शस्त्रे घेऊन बसलेल्या दोन माणसांपुढे जातो, तेव्हा एक शब्द बोलत नाही. तो ओठ काढून हसतो, कोलांट्या मारतो, सर्कशीतले माकड होतो. ती दोघे हसतात, त्याला दारू पाजतात, आणि हसता हसताच बंदूक त्याच्या हातात जाते. त्याला बोलता येते हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. ज्यांना दिवसभर आपली जबान खिशात ठेवून हसतमुख राहावे लागते, त्यांना हा प्रसंग पाहताना हसू येणार नाही. पुढे कोबा जे करतो त्याचे समर्थन अर्थात होऊ शकत नाही, आणि चित्रपटही ते करत नाही.

अभिनयाबद्दल लिहिले नाही तर अन्याय होईल. अँडी सर्किसच्या अंगावर आणि चेहऱ्यावर खुणा लावून त्याच्या हालचाली संगणकात टिपल्या आणि त्यावर वानराचे रूप चढवले. आमच्या ओळखीतले काही जुने चाहते याला नाक मुरडतात. रबरी मुखवट्याची सर त्याला नाही म्हणतात. मुखवट्यांचा मान मोठा आहेच. रंगभूषेसाठी ऑस्करमध्ये नियमित पारितोषिक नव्हते त्या काळात जॉन चेंबर्स यांना खास पारितोषिक द्यावे लागले. पण सर्किसचे डोळे पाहावेत. सीझरच्या पहिल्या तिन्ही चित्रपटांना ऑस्करने दृश्यपरिणामांसाठी नामांकन दिले आणि पारितोषिक एकदाही दिले नाही. अभिनयासाठी तर सर्किसचे नावही घेतले नाही.

एवढे कौतुक केल्यावर आमची तक्रार मांडतो, आणि ती किरकोळ नाही. जुन्या मालिकेत जग बुडवले ते माणसाच्या करणीने. १९६८ मध्ये अणुबॉम्ब होता. १९७२ च्या 'कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' मध्ये गुलामगिरी होती. वानरांना साखळ्या, हुकूम, लिलाव. आणि मग पेटलेले शहर. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात काळ्यांच्या वस्तीत जो उद्रेक झाला, त्याची छाया त्या शेवटच्या रात्रीवर उघड पडली आहे. तो शेवट इतका कडक होता की चाचणी खेळानंतर निर्मात्यांनी सीझरच्या तोंडी दयेचे भाषण घालून तो मऊ केला. मऊ केला तरी दोष कुणाचा हे प्रेक्षकाला कळत होते. नव्या मालिकेत माणूसजात संपते ती एका विषाणूने, आणि तो विषाणू जन्मतो मुलाच्या बापावरच्या मायेतून. औषध कंपनीची हाव आहे, पण ती तोंडी लावण्यापुरती. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी विमानमार्गांच्या रेषा नकाशावर पसरत जातात आणि साथ जगभर पोहोचते. २०२० नंतर ते दृश्य पाहताना अंगावर काटा येतो, हे खरे. पण साथीला गुन्हेगार नसतो. प्रेक्षक सीझरसाठी रडतो आणि हात झटकून घरी जातो.

२०१७ च्या 'वॉर फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स' मध्ये दिग्दर्शक मॅट रीव्ह्ज यांनी ही उणीव काहीशी भरली. विषाणू आता वाचलेल्या माणसांची वाचा नेतो. मग सैन्यातला कर्नल, मुक्या झालेल्या आपल्याच सैनिकांना गोळ्या घालतो. स्वतःच्या मुलालाही सोडत नाही. जो बोलत नाही तो माणूस नाही! १९६८ च्या खटल्यात वानरांनी लावलेली कसोटी इथे माणूसच माणसाला लावतो. आणि मुकी झालेली एक लहान मुलगी मात्र वानरांच्या टोळीत सामावते, मॉरिसच्या मागे बसून खुणा शिकते.

तरी झायस कुठे होता? पोथी हातात धरून सत्य दडवणारा तो विद्वान चौथ्या चित्रपटापर्यंत कुणालाच आठवला नाही. २०२४ चा वेस बॉल यांचा 'किंगडम ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' घडतो तो सीझरच्या मृत्यूनंतर अनेक पिढ्यांनी. नोआ हा गरुड पाळणाऱ्या टोळीतला तरुण, त्याने सीझरचे नावही ऐकलेले नाही. प्रॉक्सिमस नावाचा राजा सीझरच्याच नावाने टोळ्या जाळतो, गुलाम धरतो. वानर एकत्र आले की बळकट, हे काड्यांच्या जुडीचे वाक्य त्याच्या तोंडी फौजेची घोषणा झाले आहे. शब्द तेच आहेत, एक अक्षर बदललेले नाही. दुसरीकडे राका नावाचा एकटा ओरांगउटान जुनी पुस्तके जपतो आहे. ती त्याला वाचता येत नाहीत, पण सीझरचा दयेचा अर्थ त्याच्यापाशी शिल्लक आहे. पुस्तके वाचून घेणारा अर्थ बुडवतो आणि वाचता न येणारा तो सांभाळतो, हे आम्हाला झायसच्या काठीइतके लागले. राकाला मध्येच नदीत वाहून जायला लावणे ही मात्र पटकथेची मोठी चूक. त्याच्यामागे चित्रपट पळापळीचा होतो.

याही चित्रपटात मे नावाची एक मुलगी आहे. नोआ आणि राका तिला मुकी समजतात, आणि ती त्यांना तसे समजू देते. जिवावर बेतते तेव्हा ती नोआला नावाने हाक मारते, आणि दोघेही वानर स्तब्ध होतात. कोबाचीच युक्ती, आता माणसाच्या वाट्याला आलेली. माणसांनी बंद करून ठेवलेल्या तळघरात वानरांना लहान मुलांचे एक चित्रांचे पुस्तक सापडते. त्यात प्राणिसंग्रहालय आहे, पिंजऱ्यात वानर आहेत. त्यावर कोणी काही बोलत नाही. शेवटी मे निरोप घ्यायला येते. नोआ तिला सीझरची खूण असलेला ताईत देतो, दोघे एकाच भाषेत बोलतात, आणि तो सगळा वेळ तिच्या पाठीमागच्या हातात पिस्तूल असते.