‘स्मृतिचित्रे’तील समेट : क्षमेच्या ख्रिस्ती संकल्पनेच्या संदर्भात

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने विनोद, निवेदनातील सहजता आणि स्त्रीजीवनाचे दर्शन या अंगांनी झाला आहे. ख्रिस्ती वाचकवर्गात ते धर्मांतराची साक्ष म्हणून वाचले जाते. या दोन्ही वाचनांत एक प्रश्न मागे राहतो. दुरावलेले पती-पत्नी पुन्हा एकत्र आले, तेव्हा क्षमा कोणी कोणाला केली?

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही आपली कर्मभूमी केली. लक्ष्मीबाई मुलासह मागे राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला पतीकडे आल्या, त्या मात्र हिंदू म्हणूनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे समेट आधी आणि धर्मांतर नंतर, असा हा क्रम आहे. साक्ष म्हणून केलेल्या वाचनात हा क्रम नकळत उलटा होतो आणि श्रद्धेमुळे संसार सांधला गेला असे चित्र उभे राहते.

शुभवर्तमानांतील क्षमाविचार एकसुरी नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात अपराध्याच्या पश्चात्तापाचा उल्लेख क्षमेआधी येतो. वधस्तंभावरील प्रार्थनेत तशी अट दिसत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर वेदीवरचे अर्पण बाजूला ठेवून आधी भावाशी समेट करण्यास सांगितले आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घर सोडणारा अपराधी असतो आणि परततोही तोच. टिळकांच्या बाबतीत ही रचना कोलमडते. घर सोडणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे जाणे हे ईश्वराची आज्ञा पाळणे होते. त्याबद्दल पश्चात्ताप करणे म्हणजे श्रद्धाच नाकारणे ठरले असते. पत्नीला झालेले दुःख मात्र तितकेच खरे होते. येथे घर सोडणारा परत येत नाही. मागे राहिलेली व्यक्तीच चालत त्याच्याकडे जाते.

लक्ष्मीबाईंनी क्षमायाचनेचा प्रसंग ग्रंथाचा कळस म्हणून रंगवलेला नाही. टिळकांचा तापट स्वभाव, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, न सांगता घराबाहेर पडणे यांच्या हकिकती धर्मांतराच्या आधीपासूनच येत राहतात. त्यामुळे १८९५ चा आघात हा एका लांब मालिकेतील सर्वांत मोठा आघात ठरतो आणि क्षमा ही एखाद्या क्षणी घडलेली घटना न राहता संसारातील रोजची सवय होते. विनोद हे या सवयीचे साधन आहे. तो दुःख झाकतो, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण हाच विनोद पतीच्या चुका स्पष्टपणे नोंदवतो. चूक नोंदवल्याशिवाय केलेली क्षमा ही निव्वळ विस्मृती असते.

समेटाची खरी कसोटी स्वयंपाकघरात लागली. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी नगरला आल्यावरही आपले सोवळे सांभाळले आणि टिळकांनी ते चालू दिले. ज्या मिशनवर टिळकांची उपजीविका अवलंबून होती, त्या वर्तुळात ही गोष्ट सोपी नसावी. पुढे राहुरीच्या काळात जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतः विचार करून पोहोचल्या. या परिवर्तनाचे श्रेय त्या पतीच्या उपदेशाला देत नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे. मराठी बायबलमधील ‘समेट’ या शब्दाला व्यवहारातील तडजोडीची छटा आहे आणि या घरातील समेट त्या छटेसह समजून घ्यावा लागतो.

अर्थात हे सर्व पत्नीच्या स्मृतीतून आलेले आहे. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले; ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले ते १९३४ मध्ये. ज्याच्याविषयी तक्रार आहे तो उत्तर देण्यास हयात नसताना हे लेखन वाचकांसमोर आले. लक्ष्मीबाईंनी या एकतर्फी संधीचा उपयोग टिळकांना संत ठरवण्यासाठी केला नाही, तसा हिशेब चुकता करण्यासाठीही केला नाही. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पुढे नेले. पतीच्या उणिवा मांडणारे गद्य आणि त्याचे अर्धवट राहिलेले काव्य, ही दोन्ही कामे उत्तरायुष्यात एकाच लेखणीने केली.