नन्हीच्या नानीची उशी

मुस्लिम मराठी कथेत आणि आठवणींच्या लेखनात दादी किंवा नानीचे अखेरचे दिवस नेहमी येतात. उशाशी कुणी सूरह यासीन पढत असते, ओठांवर आबेजमजमचे थेंब सोडले जातात, परगावचे मुलगे-नातवंडे धावत येतात. हे चित्रण खोटे नाही. आपल्या घरांतून असेच घडते. पण कथा संपल्यावरही ती म्हातारी कोण होती, हे कळत नाही. तिची तसबीह आणि जानमाज तेवढा लक्षात राहतो. रात्री तीनदा चादर बदलणारी सूनही या लेखनात क्वचितच दिसते.

या पार्श्वभूमीवर इस्मत चुगताई यांची ‘नन्ही की नानी’ ही उर्दू कथा पुन्हा वाचावी. ही नानी नेक, नूरानी चेहऱ्याची आजी नाही. बेगमांचे अंग चेपणारी, निरोप पोचवणारी, संधी मिळाली की हात मारणारी ती गरीब बाई आहे. तिचे खरे नाव कुणालाच ठाऊक नाही. आधी ती कुणाची तरी पोर, मग कुणाची सून, मग बिस्मिल्लाहची आई आणि बिस्मिल्लाह बाळंतपणात गेल्यावर नन्हीची नानी. डिप्टीसाहेबांच्या घरी कामाला ठेवलेली कोवळी नन्ही तिथेच अत्याचाराला बळी पडते आणि पुढे मोहल्ला सोडून निघून जाते. नानी एकटी उरते.

तिच्याजवळ असते ती एक उशी. एके दिवशी माकड ती पळवते आणि सगळ्यांदेखत फाडते. आतून मोहल्ल्यातल्या हरवलेल्या वस्तू बाहेर पडतात. लोक तिला चोर ठरवतात आणि लवकरच ती मरते. उकिडवी बसलेल्या अवस्थेतच तिचा जीव जातो. यासीन नाही, कलमा नाही, नात नाही.

तरीही वाचकाला ही नानी जितकी कळते, तितकी आपल्या कथांतली घरच्यांनी वेढलेली दादी कळत नाही. याचे कारण त्या उशीत आहे. माणसाने काय लपवले, कशाला जपले, कशाची लाज बाळगली, हे लेखिका पाहते. आणि पाहूनही तिच्यावरची माया कमी होऊ देत नाही. आपण मात्र मय्यतीचा अदब राखता राखता माणूसच पुसून टाकतो.

खुशवंतसिंग यांच्या ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ या इंग्रजी कथेत घर भरलेले आहे. पण आपली वेळ आली हे ओळखून आजी घरच्यांशी बोलणे थांबवते आणि जपमाळ ओढत राहते. नातवाच्या इंग्रजी शिक्षणाने दोघांत अंतर पडत गेले होते, हे लेखक आधीच सांगून ठेवतो. त्यामुळे त्या मौनाला अर्थ येतो. आजीजवळ असणे आणि तिला ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन्ही कथा आपापल्या परीने दाखवतात.

‘नन्ही की नानी’चा शेवट मात्र मला थोडा खटकतो. कयामतच्या दिवशी नानीची दशा पाहून खुद्द खुदाची मान शरमेने झुकते, अशी कल्पना तिथे आहे. ती हेलावून सोडते, यात शंका नाही. पण या उंचीवर गेल्यामुळे मोहल्ला सहज सुटतो. लाज वाटायला हवी होती ती चोर म्हणून ओरडणाऱ्या शेजाऱ्यांना आणि त्या डिप्टीला.

आपल्या लेखकांकडून एवढीच अपेक्षा आहे की दादीच्या पलंगाशी वाचकाला नेताना तिचे नाव सांगावे. ती कशावर चिडायची, कुणाशी तिने अबोला धरला होता, ट्रंकेच्या तळाशी तिने काय ठेवले होते, हे लिहावे. यासीन जरूर पढली जावी. पण ती कुणासाठी पढली जाते आहे, हे वाचकाला कळू द्यावे.