रोखटंचाई की नादारी? – १९३३ च्या अमेरिकन बँक-संकटाचा बोध

मिल्टन फ्रीडमन व अ‍ॅना श्वार्ट्झ यांचा अमेरिकेच्या चलनविषयक इतिहासावरील ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. १९२९ ते १९३३ या काळात त्या देशातील चलनसाठा एक-तृतीयांशाहून अधिक घटला, हजारो बँका बुडाल्या, आणि फेडरल रिझर्व्हने आपले कर्तव्य वेळीच बजावले असते तर हा अनर्थ इतका वाढला नसता, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. फेडरल रिझर्व्हच्या वतीने बेन बर्नान्के यांनी २००२ साली हा दोषारोप जाहीरपणे मान्य केला. २००८ मध्ये अध्यक्ष या नात्याने त्यांना तो बोध आचरणात आणावा लागला. म्हणूनच या प्रतिपादनाची चिकित्सा केवळ इतिहासापुरती उरत नाही.

घबराटीने सुस्थितीतील बँकही बुडू शकते, हे ग्रंथकारांनी निर्विवादपणे दाखविले. तथापि रोखटंचाई आणि नादारी यांमधील सीमारेषा त्यांना वाटते तितकी स्पष्ट नाही. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची बँक ऑफ युनायटेड स्टेट्स बुडाली. मंदीच्या ऐन भरात मालमत्ता विकूनही तिच्या देण्यांपैकी सुमारे ८३ टक्के रक्कम चुकती झाली, हा त्यांना तिच्या सुस्थितीचा पुरावा वाटतो. परंतु उरलेली तूट मंदीमुळे आली की मुळातच होती, याचा निर्णय या आकड्यावरून होत नाही.

मार्च १९३३ चा अनुभव याबाबतीत अधिक बोलका आहे. ६ मार्चपासून देशातील सर्व बँका बंद ठेवण्यात आल्या. ९ मार्चला तातडीचा कायदा झाला. आणि १३ मार्चपासून सुस्थितीत ठरलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या. रांगा पुन्हा लागल्या, पण पैसे परत भरण्यासाठी! तपासणी घाईची होती, हे खरे. मात्र उघडलेल्या बँकेची जबाबदारी शासनाने नैतिकदृष्ट्या पत्करली होती. विश्वास परतला तो नुसत्या चलनपुरवठ्याने नव्हे, तर या निवाड्याने.

२००८ मध्ये चलनाचा ओघ मुक्तहस्ते सोडण्यात आला आणि १९३० ची पुनरावृत्ती टळली. हे श्रेय ग्रंथाला दिलेच पाहिजे. तरीही बँकांचा परस्परांवरील अविश्वास हटेना. त्या वेळी स्वतः श्वार्ट्झ यांनीच आक्षेप घेतला, की प्रश्न रोखतेचा नसून कर्जदार नादार आहे की नाही, या अनिश्चिततेचा आहे. मे २००९ मध्ये १९ मोठ्या संस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यांपैकी १० संस्थांनी सुमारे ७५ अब्ज डॉलरचे भांडवल उभारावे असे ठरले. त्यानंतर बाजार बराच सावरला.

सारांश, ग्रंथाचा बोध चुकीचा नाही, अपुरा आहे. संकटकाळी पैसा पुरविणे हे मध्यवर्ती बँकेचे पहिले कर्तव्य खरे. पण कोणती बँक तगण्याजोगी आहे हे सांगून त्या निर्णयाची जबाबदारी घेणे, हे दुसरे. दुसऱ्याकडे पाठ फिरविली, तर पहिल्याचा खर्च अखेर करदात्याच्या माथी पडतो.